टेक्सास विधिमंडळाला खुले पत्र: अधिवेशनाची वेळ नेमकी कुणासाठी संपते?

प्रति,
माननीय गव्हर्नर ग्रेग ॲबट,
माननीय लेफ्टनंट गव्हर्नर डॅन पॅट्रिक,
माननीय डस्टिन बरोज, अध्यक्ष, प्रतिनिधिगृह,
आणि टेक्सास विधिमंडळाचे सर्व सन्माननीय सदस्य

विषय: बंदूकविषयक विधेयके आणि अधिवेशनाच्या अखेरीस त्यांना मिळणारी वेगवेगळी वागणूक

स. न. वि. वि.

टेक्सास विधिमंडळाचे 89 वे नियमित अधिवेशन 2 जून 2025 रोजी संपले. बंदूकधारकांचे हक्क आणखी विस्तारणारी तीन महत्त्वाची विधेयके त्याआधी दोन्ही सभागृहांनी मंजूर केली. रायफल खरेदीचे वय 18 वरून 21 करावे हा, 2022 मध्ये शाळेतील गोळीबारात मुले गमावलेल्या उव्हाल्डी गावच्या पालकांनी मागच्या अधिवेशनापासून लावून धरलेला प्रस्ताव मात्र याही वेळी सभागृहात मतदानाला आला नाही. त्या तीन विधेयकांपैकी एकावर, म्हणजे धोकादायक व्यक्तीपासून शस्त्रे दूर ठेवण्याच्या न्यायालयीन आदेशांची अंमलबजावणीच गुन्हा ठरवणाऱ्या सिनेट विधेयक 1362 वर, नकाराधिकार वापरण्याची मुदत राज्यघटनेनुसार गव्हर्नरांना 22 जूनपर्यंत आहे. ती मुदत टळण्याआधी आपल्यापुढे आणि जनतेपुढे काही गोष्टी स्पष्टपणे मांडाव्यात, यासाठी हे पत्र.

मी कॉलिन काउंटीत राहते, अमेरिकेची नागरिक आहे आणि आपल्या निवडणुकांत मतदान करते. या पत्राची इंग्रजी प्रत माझ्या मतदारसंघाचे सिनेटर आणि प्रतिनिधी यांना स्वतंत्रपणे पाठवली आहे. ते मराठीतही जाहीर करण्याचे कारण असे की प्लेनो, फ्रिस्को, ॲलन, मॅकिनी या शहरांत आणि ह्यूस्टन व ऑस्टिनच्या उपनगरांत आज कितीतरी मराठी कुटुंबे स्थिरावली आहेत, त्यांतील अनेकांना मताधिकार आहे, आणि तरीही बंदुकीचा विषय निघाला की "तो त्यांचा प्रश्न आहे" असे म्हणून आमच्याकडे तो बाजूला सारला जातो. 6 मे 2023 नंतर तरी असे म्हणण्याची सोय आम्हाला उरलेली नाही.

त्या दिवशी ॲलनच्या आउटलेट मॉलमध्ये आठ माणसे मारली गेली. त्यांत शाळकरी मुले होती, एका कुटुंबातील आई, वडील आणि तीन वर्षांचा मुलगा होता, आणि भारतातून येऊन इथे इंजिनिअर म्हणून काम करणारी एक तरुणीही होती. भारतातून आईवडील किंवा सासूसासरे आले की परत जाताना नेण्याच्या वस्तू घ्यायला त्यांना याच मॉलमध्ये नेण्याचा उत्तर टेक्सासमधील आमच्या घराघरांतला रिवाज आहे, त्यामुळे त्या शनिवारी आमच्यापैकी कुणीही तिथे असू शकले असते, हे आम्हा सर्वांना ठाऊक आहे. हल्लेखोराला 2008 साली लष्करातून प्रशिक्षण पूर्ण होण्याआधीच मानसिक आरोग्याच्या कारणावरून काढून टाकण्यात आले होते, आणि तरीही त्याच्याजवळ व त्याच्या गाडीत सापडलेली आठही शस्त्रे त्याने कायदेशीरपणे मिळवलेली होती. तो 33 वर्षांचा होता; वयाची अट 21 असती तरी तिने त्याला रोखले नसते, हे मी आधीच मान्य करते. एका कायद्याने सर्व काही थांबेल असे मी कुठेही म्हणत नाही, आणि म्हणूनच एका कायद्याने सर्व काही थांबत नाही हे उत्तर मला कोणी देऊ नये.

माझा या विषयाशी रोजचा संबंध आणखी एका कारणाने येतो. मी आठवड्याच्या सुटीच्या दिवशी मराठी शाळेत मुलांना शिकवते आणि आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाच्या व्यवस्थेतही काम करते. 2021 साली आपण हाउस विधेयक 1927 मंजूर केले आणि त्या वर्षीच्या 1 सप्टेंबरपासून पिस्तूल बाळगण्यासाठी परवान्याची, म्हणजेच प्रशिक्षणाची आणि नेमबाजीच्या चाचणीची, गरज संपली. त्यानंतर भाड्याच्या सभागृहात कुणीही पिस्तूल घेऊन येऊ नये अशी आमची इच्छा असेल तर दारावर एक नव्हे, तीन पाट्या लावाव्या लागतात: परवानाधारकाने लपवून बाळगलेल्या पिस्तुलासाठी एक, परवानाधारकाने उघडपणे बाळगलेल्या पिस्तुलासाठी दुसरी आणि परवाना नसलेल्यासाठी तिसरी. त्यांवरचा मजकूर कायद्यात ठरवून दिलेला, तोही इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत आणि किमान एक इंच उंचीच्या अक्षरांत असावा लागतो. लेझीम आणि ढोलताशांची तयारी करणाऱ्या स्वयंसेवकांना दंडसंहितेची कलमे पाठ असावीत ही अपेक्षा ज्यांनी निर्माण केली, त्यांच्याशी बोलण्याचा अधिकार मला आहे असे मी मानते.

आता दुसरी बाजूही, कारण ती खरी आहे. 16 ऑक्टोबर 1991 रोजी किलीन येथील ल्यूबीज कॅफेटेरियात 23 जणांना गोळ्या घातल्या गेल्या, तेव्हा सुझॅना ग्रेशिया हप यांनी आपले आई आणि वडील दोघेही गमावले. त्यांचे रिव्हॉल्व्हर बाहेर गाडीत होते, कारण त्या वेळचा कायदा ते सोबत बाळगू देत नव्हता. पुढे त्या याच विधिमंडळाच्या सदस्य झाल्या. त्यांच्या दुःखातून आणि त्यांनी दिलेल्या साक्षींतून 1995 चा परवाना कायदा उभा राहिला, ज्यावर गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी सही केली. त्या कायद्याविरुद्ध माझी तक्रार नाही. स्वतःचे रक्षण करण्याचा हक्क त्याने दिला आणि त्या हक्काबरोबर प्रशिक्षण, चाचणी व तपासणी यांची जबाबदारीही दिली. हक्क आणि जबाबदारी यांची ती सांगड पंचवीस वर्षे टिकली. ती 2021 साली तुम्ही मोडलीत. किलीनच्या पीडितांचे ऐकून कायदा बदलणारे विधिमंडळ सांता फे, एल पासो, मिडलंड-ओडेसा, उव्हाल्डी आणि ॲलन येथील सामूहिक गोळीबारांच्या पीडितांचे ऐकून कायदा का बदलत नाही, हा माझा प्रश्न आहे. आणि त्याला आजवर जे उत्तर मिळत आले आहे ते "वेळ संपली" एवढेच आहे.

या उत्तराबद्दलच मला सर्वाधिक बोलायचे आहे.

24 मे 2022 रोजी उव्हाल्डीच्या रॉब प्राथमिक शाळेत 19 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका मारल्या गेल्या. हल्लेखोराने आठवडाभरापूर्वीच वयाची 18 वर्षे पूर्ण केली होती आणि लगेच दोन रायफली कायदेशीरपणे विकत घेतल्या होत्या. पुढच्या अधिवेशनात उव्हाल्डीचे तत्कालीन प्रतिनिधी ट्रेसी किंग यांनी अशा अर्धस्वयंचलित रायफलींच्या खरेदीचे वय 21 करणारे हाउस विधेयक 2744 मांडले. 18 एप्रिल 2023 रोजी समितीपुढे सुनावणी झाली आणि दिवसभर ताटकळलेल्या पालकांनी रात्री उशिरा साक्षी दिल्या. त्यानंतर विधेयक समितीत तसेच पडून राहिले. ॲलनमधील हत्याकांडानंतर दोन दिवसांनी, 8 मे रोजी, म्हणजे समित्यांनी प्रतिनिधिगृहाची विधेयके पुढे पाठवण्याच्या अगदी शेवटच्या दिवशी, ते 8 विरुद्ध 5 मतांनी मंजूर झाले, आणि त्यात सॅम हार्लेस व जस्टिन हॉलंड या दोन रिपब्लिकन सदस्यांनीही बाजूने मत दिले. त्यापुढचा टप्पा कार्यक्रमपत्रिका ठरवणाऱ्या समितीचा होता. तिथे ते विधेयक कार्यक्रमपत्रिकेवर आलेच नाही आणि मुदत संपली. सभागृहातील 150 पैकी कोण त्याच्या बाजूने आहे आणि कोण विरुद्ध, हे मतदारांना कधीच कळले नाही. हॉलंड यांनी मात्र त्या एका मताची किंमत पुढच्या वर्षी पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीच्या प्रचारात मोजली आणि ते पराभूत झाले.

आपले अधिवेशन दर दोन वर्षांनी फक्त 140 दिवसांचे असते, हजारो विधेयके येतात आणि बहुतेक मुदतीअभावी मरतात, हे मला माहीत आहे. पण कोणते विधेयक मरावे हे मुदत ठरवत नाही. सुनावणी कधी घ्यायची, सुनावणीनंतर मतदान तीन दिवसांनी घ्यायचे की तीन आठवड्यांनी, कार्यक्रमपत्रिकेवर कोणते विधेयक वर ठेवायचे आणि कोणते बासनात गुंडाळायचे, हे निर्णय माणसे घेतात आणि त्या माणसांची नावे वर प्रति या शब्दाखाली आहेत. त्याच 2023 च्या अधिवेशनात बंदूकमालकांना विमा सक्तीचा करण्यापासून शहरांना रोखणाऱ्या विधेयकाला वेळ मिळाला. क्रेडिट कार्डाच्या व्यवहारांत बंदुकींच्या दुकानांना वेगळा संकेतांक देण्याविरुद्धच्या विधेयकालाही वेळ मिळाला. अधिवेशन संपल्यावर गव्हर्नरांनी त्या एकाच वर्षात चार विशेष अधिवेशने बोलावली. मालमत्ता कर, सीमा आणि खासगी शाळांसाठीचे अनुदान यांसाठी विधिमंडळ पुन्हा पुन्हा ऑस्टिनला जमले. रायफल खरेदीचे वय त्यांपैकी एकाही अधिवेशनाच्या विषयपत्रिकेत नव्हते. ज्यांच्या हाती वेळ वाढवण्याचा अधिकार आहे, त्यांनी वेळ संपल्याचे कारण देणे मला पटत नाही.

फ्लोरिडाकडे पाहिले म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. 14 फेब्रुवारी 2018 रोजी पार्कलंडच्या शाळेत 17 जण मारले गेले, तेव्हा तिथले 60 दिवसांचे अधिवेशन अर्ध्याहून अधिक संपले होते. दोन्ही सभागृहांत रिपब्लिकन बहुमत होते, गव्हर्नर रिक स्कॉट रिपब्लिकन होते, आणि तरीही अधिवेशनाच्या अखेरच्या दिवसांत विधेयक मंजूर होऊन 9 मार्च रोजी त्यावर सही झाली. बंदूक खरेदीचे वय 21 झाले आणि धोकादायक ठरलेल्या व्यक्तीची शस्त्रे न्यायाधीशाच्या आदेशाने काही काळ ताब्यात घेण्याची तरतूदही झाली. त्यानंतर 2023, 2024 आणि 2025 या तिन्ही वर्षी फ्लोरिडाच्या प्रतिनिधिगृहाने ते वय पुन्हा 18 करणारे विधेयक मंजूर केले, पण सिनेटने ते सभागृहात घेतले नाही आणि अधिवेशन संपताच ते संपले. म्हणजे अधिवेशनाची अखेर बंदूकधारकांच्या हक्कांची विधेयकेही गिळू शकते. ती कोणत्या बाजूचे विधेयक गिळते, हे त्या त्या सभागृहाच्या नेतृत्वावर अवलंबून असते.

न्यायालये असा कायदा रद्द करतील, असेही आपल्यापैकी काही जण म्हणतात. यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. आपल्या राज्यावर ज्यांचे अधिकारक्षेत्र आहे त्या पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये, परवानाधारक विक्रेत्यांनी 18 ते 20 वर्षे वयाच्या व्यक्तींना पिस्तूल विकण्यावरची केंद्रीय बंदी घटनाबाह्य ठरवली. पण मार्च 2025 मध्ये फ्लोरिडावर अधिकारक्षेत्र असलेल्या अकराव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने फ्लोरिडाचा 21 वर्षांचा कायदा वैध ठरवला. दोन अपील न्यायालयांत मतभेद आहे आणि तो सर्वोच्च न्यायालयातच मिटेल. कायदा टिकेल की नाही याची शंका हे मतदानच न घेण्याचे कारण होऊ शकत नाही. न्यायालयात टिकण्याबद्दल शंका असलेले इतर अनेक कायदे आपण याच अधिवेशनांत निःशंकपणे मंजूर केले आहेत.

आता सिनेट विधेयक 1362. त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण ते अजून थांबवता येते.

वीसहून अधिक राज्ये आणि वॉशिंग्टन डी. सी. येथे ज्याला 'रेड फ्लॅग' कायदा म्हणतात, त्याचा गाभा असा आहे: एखादी व्यक्ती स्वतःला किंवा इतरांना इजा करील अशी सार्थ भीती असल्यास पोलीस, आणि काही राज्यांत कुटुंबीयही, न्यायाधीशाकडे अर्ज करतात, न्यायाधीश पुरावा पाहून ठरावीक मुदतीसाठी शस्त्रे दूर ठेवण्याचा आदेश देतात, काही दिवसांत संबंधिताला बाजू मांडण्याची संधी मिळते आणि मुदत संपल्यावर धोका उरला नसेल तर शस्त्रे परत दिली जातात. टेक्सासमध्ये असा कायदा मुळातच नाही. सिनेट विधेयक 1362 त्याच्या पुढे जाते. दुसऱ्या राज्याचा किंवा केंद्राचा असा आदेश टेक्सासमध्ये बजावणे वा अंमलात आणणे हाच ते गंभीर गुन्हा ठरवते, ज्याची शिक्षा 180 दिवसांपासून दोन वर्षांपर्यंत कैद आणि 10,000 डॉलरपर्यंत दंड अशी आहे. न्यायाधीशाचा आदेश बजावणारा पोलीस अधिकारी गुन्हेगार ठरावा, अशी ही तरतूद आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणांतील संरक्षण आदेश यातून वगळले आहेत, हे योग्यच झाले. पण ज्याच्या घरात कुणाला मारहाण झालेली नाही, फक्त एक एकोणीस वर्षांचा मुलगा दार लावून बसला आहे आणि आपल्याला जगायचे नाही असे लिहीत आहे, त्या घराला या वगळण्याचा काहीही उपयोग नाही.

आणि बंदुकीच्या मृत्यूंपैकी बहुसंख्य मृत्यू असेच घडतात. 2023 साली अमेरिकेत बंदुकीने 46,728 माणसे मेली, आणि त्यांतील सुमारे 58 टक्के आत्महत्या होत्या. आमच्या समाजात नैराश्याबद्दल बोलण्याचा संकोच आधीच फार आहे; मुलगा किंवा नवरा कोणत्या अवस्थेत आहे हे घरच्यांना कळते, पण ते बाहेर सांगायचे कुणाला आणि सांगून होणार काय, हे कळत नाही. अशा वेळी आईने जिथे जायचे असे एक दार कायद्याने उघडे ठेवावे, एवढीच माझी अपेक्षा होती. आपण ते दार उघडले तर नाहीच, ते उघडण्याचा मार्गही पुढच्या काळासाठी अधिक अवघड केलात.

विधेयकाच्या समर्थकांचा मुख्य आक्षेप असा की संबंधिताला न ऐकताच शस्त्रे काढून घेतली जातात. हा आक्षेप गंभीर आहे, आणि त्याचे उत्तर उत्तम कायदा लिहिणे हे आहे: पहिल्या आदेशाची मुदत अत्यंत कमी ठेवा, सुनावणी सक्तीची करा, वकील मिळण्याची हमी द्या, खोटा अर्ज करणाऱ्याला शिक्षा ठेवा. 21 जून 2024 रोजी, टेक्सासमधूनच गेलेल्या रहिमी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 8 विरुद्ध 1 मताने असे सांगितले की जी व्यक्ती दुसऱ्याच्या शारीरिक सुरक्षेला खराखुरा धोका असल्याचे न्यायालयाला आढळले आहे, तिला तात्पुरते निःशस्त्र करणे शस्त्रे बाळगण्याचा हक्क देणाऱ्या दुसऱ्या घटनादुरुस्तीशी सुसंगत आहे. त्या खटल्यातील आदेश कौटुंबिक हिंसाचाराचा आणि संबंधिताला आधी सूचना देऊन काढलेला होता, हे मला माहीत आहे. तशी सूचना देणारा कायदा आपणही लिहू शकता, असे मी म्हणते. आपलेच सिनेटर जॉन कॉर्निन यांनी उव्हाल्डीनंतर पुढाकार घेऊन जो द्विपक्षीय केंद्रीय कायदा घडवला, त्यात राज्यांना अशा कार्यक्रमांसाठी निधीची तरतूद आहे.

माननीय गव्हर्नर महोदय, 18 मे 2018 रोजी सांता फे हायस्कूलमध्ये दहा जण मारले गेल्यानंतर आपण स्वतः शाळांच्या आणि बंदुकींच्या सुरक्षेची एक योजना प्रसिद्ध केली होती. धोकादायक व्यक्तीपासून शस्त्रे दूर ठेवणाऱ्या संरक्षण आदेशांचा विधिमंडळाने विचार करावा, असे त्या योजनेत आपण सुचवले होते. लेफ्टनंट गव्हर्नरांनी त्याला विरोध केला आणि विषय तिथेच थांबला. ज्या गोष्टीचा विचार व्हावा असे आपल्यालाच सात वर्षांपूर्वी वाटले, तिचा विचार करणेच अशक्य करणाऱ्या विधेयकावर आपण सही करू नये, अशी माझी विनंती आहे.

त्याच योजनेतील आणखी एक सूचना तशीच पडून राहिली, आणि तिच्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही म्हणून मला ती आवर्जून नोंदवायची आहे. मुलाच्या हाती लागेल अशा रीतीने भरलेली बंदूक ठेवणे हा टेक्सासमध्ये 1995 पासून गुन्हा आहे. पण त्या कलमात मूल म्हणजे 17 वर्षांखालील व्यक्ती. सांता फेच्या हल्लेखोराने वडिलांच्या बंदुका वापरल्या आणि तो 17 वर्षांचा होता. त्यामुळे त्या बंदुका कशा ठेवल्या होत्या, हा प्रश्न या कलमाखाली विचारताच येत नव्हता. ही मर्यादा 18 करावी, हे त्या योजनेत होते. त्यासाठी कुणाची बंदूक जात नाही, कुणाला नवा परवाना लागत नाही, कोणतीही नोंदणी होत नाही; कायद्यातील एका आकड्याऐवजी दुसरा आकडा लिहायचा आहे. 2019, 2021, 2023 आणि 2025 ही चार नियमित अधिवेशने त्यानंतर होऊन गेली. अकरावी-बारावीची मुले ज्या घरांत आहेत, त्या प्रत्येक पालकाला आपण याचे उत्तर देणे लागता. तिजोऱ्या आणि कुलपे यांसारख्या सुरक्षासाधनांवरचा विक्रीकर आपण 2021 साली माफ केला हे चांगले केलेत. पण कर माफ करणे आणि जबाबदारी ठरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अनोळखी माणसांमधील खासगी विक्रीबद्दल थोडक्यात. 31 ऑगस्ट 2019 रोजी मिडलंड आणि ओडेसा येथे सात जणांना मारणारा माणूस पूर्वी एकदा पार्श्वभूमी तपासणीत नापास झाला होता आणि त्याने रायफल खासगी विक्रेत्याकडून, कोणत्याही तपासणीविना घेतली. लेफ्टनंट गव्हर्नर महोदय, त्यानंतर काही दिवसांतच, अनोळखी व्यक्तींमधील विक्रीसाठी तपासणी असावी असे आपण स्वतः जाहीरपणे म्हणाला होता आणि त्यासाठी बंदूकधारकांच्या राष्ट्रीय संघटनेचा (एनआरए) रोष पत्करण्याची तयारीही दाखवली होती. तेव्हा आपल्याबद्दल मला आदर वाटला होता. सिनेटच्या कार्यक्रमपत्रिकेवर आपले नियंत्रण आहे. ते विधेयक कुठे आहे?

या अधिवेशनातील उरलेल्या दोन विधेयकांपैकी सिनेट विधेयक 1596 ने आखूड नळीच्या रायफली आणि शॉटगन राज्याच्या निषिद्ध शस्त्रांच्या यादीतून काढल्या आहेत. 1934 च्या केंद्रीय कायद्याची नोंदणी त्यांना अजूनही लागते, म्हणून त्यावर मी फार शब्द खर्च करत नाही. हाउस विधेयक 3053 मात्र मला अधिक खटकते. नको असलेल्या बंदुका नागरिकांनी स्वेच्छेने आणून द्याव्यात आणि त्या बदल्यात मोबदला घ्यावा, अशी मोहीम ह्यूस्टन शहराने आणि हॅरिस काउंटीने 2022 साली राबवली. अशी मोहीम चालवण्यास या विधेयकाने सर्व शहरांना आणि काउंट्यांना बंदी केली आहे. वारलेल्या नवऱ्याचे पिस्तूल घरात नको असलेल्या विधवेने ते आपल्या नगरपालिकेकडे द्यावे, यात कुणाचा कोणता हक्क हिरावला जातो? अशा मोहिमांनी गुन्हे फारसे घटत नाहीत असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे मी ऐकले आहे. तरी तो निर्णय त्या त्या शहराच्या मतदारांचा आहे, आणि स्थानिक स्वराज्याचा आग्रह धरणाऱ्या पक्षाने तो काढून घ्यावा हे मला मान्य होत नाही.

याच अधिवेशनात उव्हाल्डीचे नवे प्रतिनिधी डॉन मॅकलॉघलिन यांनी मांडलेले हाउस विधेयक 33 मंजूर झाले, ही गोष्टही मी नोंदवते. चारशेच्या आसपास अधिकारी जमूनही हल्लेखोराला रोखायला 77 मिनिटे लागली, त्या नामुष्कीनंतर पोलिसांच्या प्रशिक्षणाचे आणि समन्वयाचे नियम कडक करणे आवश्यकच होते, आणि ते दोन्ही पक्षांनी मिळून केले. त्याबद्दल मी आपले मनापासून आभार मानते. पण तो कायदा गोळीबार सुरू झाल्यानंतर काय करायचे याचा आहे.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

माननीय गव्हर्नरांनी 22 जूनपूर्वी सिनेट विधेयक 1362 वर नकाराधिकार वापरावा. ते शक्य नसेल तर 2018 च्या योजनेतील आपली सूचना आपण का बदलली, याचे लेखी कारण जनतेला द्यावे.

लेफ्टनंट गव्हर्नर आणि प्रतिनिधिगृहाचे अध्यक्ष यांनी दोन अधिवेशनांमधल्या काळात समित्यांना अभ्यासासाठी जे विषय नेमून दिले जातात, त्यांत बंदुकींची घरातील साठवणूक आणि अनोळखी व्यक्तींमधील विक्री हे दोन विषय समाविष्ट करावेत आणि त्यांच्या सुनावण्या ऑस्टिनबाहेर, निदान उव्हाल्डी, एल पासो आणि ॲलन येथेही घ्याव्यात.

12 जानेवारी 2027 रोजी सुरू होणाऱ्या अधिवेशनात तीन प्रस्तावांवर दोन्ही सभागृहांत नावानिशी नोंद होणारे मतदान घ्यावे: अर्धस्वयंचलित रायफलींच्या खरेदीचे वय 21 करणे, साठवणुकीच्या कलमात मुलाच्या वयाची मर्यादा 18 करणे आणि अनोळखी व्यक्तींमधील विक्रीसाठी पार्श्वभूमी तपासणी बंधनकारक करणे. ही विधेयके मंजूरच करा, असा माझा हट्ट या पत्रापुरता नाही. हवे तर आपण विरोधात मत द्यावे, पण का दिले ते मतदारसंघात येऊन सांगावे. मी ते ऐकायला येईन.

आणि सभागृहाच्या नियमांत अशी दुरुस्ती करावी की जाहीर सुनावणीनंतर समितीने बहुमताने पुढे पाठवलेले विधेयक ठरावीक दिवसांत कार्यक्रमपत्रिकेवर घेणे बंधनकारक राहील. हा नियम बंदूकधारकांच्या हक्कांच्या विधेयकांनाही तितकाच लागू व्हावा. त्यांचीही समितीतील मुस्कटदाबी होऊ नये, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

टेक्सासमधील मराठी वाचकांना एवढीच विनंती की आपल्या मतदारसंघाचे प्रतिनिधी आणि सिनेटर कोण, हे विधिमंडळाच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून पाहावे आणि या चार मागण्यांपैकी ज्या पटतील त्यांबद्दल त्यांच्या कार्यालयाला 22 जूनपूर्वी फोन करावा. कार्यालयातील कर्मचारी नाव, पत्ता आणि विधेयकाचा क्रमांक विचारतात आणि मत नोंदवून घेतात. ज्यांना या मागण्या पटत नाहीत त्यांनीही फोन करून तसे सांगावे.

माझ्या इंग्रजी पत्राला मिळणारे उत्तर, ते कसेही असले तरी, मी याच ठिकाणी मराठीत प्रसिद्ध करीन.

आपली,
कॉलिन काउंटीतील एक मतदार आणि मराठी शाळेतील शिक्षिका
जून 2025